आधी तक्ता, मग यंत्र

चि. सोनूस,



तुझा निरोप मिळाला. शाळेच्या प्रकल्पासाठी ‘कॉम्प्युटरचा शोध कोणी लावला’ याचं उत्तर तुला एका ओळीत हवं आहे. ते मी देणार नाही. एका ओळीचं उत्तर तुझ्या आईच्या फोनमध्ये आहेच, तेवढ्यासाठी आबाला कशाला कामाला लावतेस? शिवाय ती ओळ अर्धवट असते. हे यंत्र एका माणसाने एका दिवशी शोधलेलं नाही. तक्ते तयार करून करून कंटाळलेल्या माणसांच्या हाताखालून ते हळूहळू बाहेर आलं. मीही तशा माणसांतलाच एक, त्यामुळे पत्र लांबणार आहे. बैठक मारून वाच.

आपल्या उजनी धरणाच्या काठावरचं कुठलंही गाव घे. केत्तूर, वाशिंबे, कुगाव, चिखलठाण, कुठलंही. सकाळी चहाच्या आधी लोक फोनवर एक मेसेज बघतात. उजनीची पातळी इतके मीटर, एकूण साठा इतके टीएमसी, उपयुक्त साठा इतका, टक्केवारी इतकी. पावसाळा असेल तर खाली दौंडचा आणि बंडगार्डनचा विसर्ग. जुलैत ‘प्लसमध्ये कधी येतंय’ आणि एप्रिलात ‘मायनस किती झालं’, एवढ्या दोनच प्रश्नांवर पारावरची निम्मी चर्चा चालते. पाणी मागे सरलं की मोटार पुढे न्यायची, पाइप जोडायचा, केबल ओढायची. त्याचा खर्च त्या आकड्यावर अवलंबून. शाळेत ज्यांना ऋण संख्या कधी कळल्या नाहीत, अशी आपली माणसं उणे चाळीस आणि उणे पंचेचाळीस यांत काय फरक आहे ते बरोबर सांगतात, कारण तो फरक त्यांच्या उसाच्या मुळाशी असतो.

आता तो आकडा येतो कुठून ते बघ. धरणात ६३.६६ टीएमसी पाणी मृतसाठा म्हणून धरलेलं आहे. त्याच्या वर ५३.५७ टीएमसी उपयुक्त. दोन्ही मिळून ११७ टीएमसीच्या थोडं वर. म्हणजे एकूण साठ्यातून ६३.६६ वजा करायचे आणि उरेल त्याला ५३.५७ ने भागून शंभराने गुणायचं. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठच्या जवळ गेली होती, तेव्हा धरणात साडेएकतीस टीएमसीच्या आसपास पाणी होतं. करून बघ, जमतं. पण तुझ्या मनात यायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे. धरणात साडेएकतीस टीएमसी पाणी आहे, हे कोणी मोजलं? एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एवढं पाणी मापात घालून मोजणारा अजून जन्मायचा आहे.

पाणी कोणी मोजत नाही. मोजतात ती फक्त पातळी. ती पट्टीवर वाचायची, मग तक्ता उघडायचा. पातळी ४९१.०३ मीटर असेल तर साठा ६३.६६. पातळी ४९६.८३ असेल तर धरण शंभर टक्के. मधल्या प्रत्येक पातळीसमोर एक आकडा छापलेला. आज तो तक्ता कॉम्प्युटरच्या पोटात असतो, आमच्या वेळी कापडी बांधणीच्या वहीत होता. सगळी गंमत त्या तक्त्यात आहे.

मी धरणाच्या कामावर अनुरेखक म्हणून लागलो तेव्हा भीमानगरची वसाहत नवी होती आणि भिंत अजून पुरी व्हायची होती. धरण पुरं झालं १९८० साली. अनुरेखकाचं काम म्हणजे नकाशे ट्रेसिंग क्लॉथवर उतरवणं. भीमेच्या खोऱ्याचे कंटूरचे नकाशे असत. एका उंचीवरच्या सगळ्या जागा जोडणारी रेषा म्हणजे कंटूर. पाणी त्या उंचीपर्यंत चढलं की नेमकं त्या रेषेपर्यंत पसरणार. त्या रेषेच्या आत किती क्षेत्र येतं हे काढायचं, तसंच वरच्या रेषेचं काढायचं, दोन्हींची सरासरी करून मधल्या उंचीने गुणायचं, की दोन रेषांमधलं पाणी मिळालं. तळापासून माथ्यापर्यंत असे थर एकावर एक मिळवत जायचं. झाला तक्ता. इथे एक सांगून ठेवतो. ज्या रेषांवरून साठा काढला, त्याच रेषांवरून कोणाचं घर बुडणार हेही ठरलं. तुझ्या पणजोबांचा वाडा एका रेषेच्या आत होता आणि बिरोबाचं देऊळ बाहेर. कागदावर त्या दोघांत पेन्सिलीच्या टोकाएवढंही अंतर नव्हतं.

रेषा वेडीवाकडी, तिच्या आतलं क्षेत्र काढायचं कसं? त्यासाठी प्लॅनिमीटर नावाचं यंत्र होतं. मखमल लावलेल्या लाकडी पेटीत असायचं आणि साहेब ते सहसा कोणाच्या हातात देत नसत. दोन दांड्या, एक टोक नकाशावर रोवलेलं, दुसरं टोक आपण रेषेवरून फिरवत न्यायचं. सुरुवातीच्या बिंदूवर परत आलं की बाजूचं छोटं चाक जेवढं फिरलं तेवढं क्षेत्र. स्वित्झर्लंडच्या याकोब आम्सलरने १८५४ साली हे घडवलं. त्यात वीज नाही, आकडेमोड नाही, तरी ते गणित करतं. अशा यंत्रांचं एक वेगळंच घराणं आहे. ब्रिटनच्या लॉर्ड केल्विनने कप्प्या आणि दोऱ्यांनी भरती-ओहोटी वर्तवणारं यंत्र काढलं, आणि १८७९ मध्ये खास हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी तसं एक यंत्र लंडनमध्ये तयार झालं. मुंबईच्या बंदरात जहाज कधी आणायचं याचे तक्ते त्या कप्प्या फिरवून निघत. तुझ्या प्रकल्पात या घराण्याला जागा दे. बहुतेक पुस्तकं देत नाहीत.

क्षेत्र निघालं, पण पुढची बेरीज-गुणाकार? त्यासाठी फॅसिट. स्वीडनचं, हिरवट राखाडी रंगाचं, दगडासारखं जड. बटणं दाबून आकडा बसवायचा आणि मूठ फिरवायची. पुढे फिरवली की बेरीज, मागे फिरवली की वजाबाकी. २३ ने गुणायचं तर एककासाठी तीन फेरे, मग एक घर सरकवून दशकासाठी दोन फेरे. भागाकार म्हणजे वजा करत राहायचं, जास्त वजा झालं की घंटा वाजायची, मग एक फेरा उलटा मारून पुढच्या घरात जायचं. दुपारी हॉलमध्ये चार-पाच फॅसिटं एकदम चालू असली की करकर आणि घंटा यांचा असा आवाज उठायचा की बाहेरच्या शिपायालाही कळायचं, आज हिशेबाचं काम आहे.

फॅसिट नसेल तर लॉगचं पुस्तक, तेही नसेल तर डोकं. आमच्या पिढीचं डोकं मात्र तयार होतं. मराठी शाळेत तीसपर्यंत पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वायकी, दीडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. माझे वडील जेमतेम चौथी शिकलेले, पण बाजारात अडत्याने ‘सतरा मण, साडेतीन रुपयांनी’ म्हणेपर्यंत यांच्या तोंडून साडेएकोणसाठ बाहेर. ही पाठांतरंही तक्तेच, फक्त कागदाऐवजी तोंडात ठेवलेले. ती गेली याचं मला वाईट वाटतं, पण ती परत आणा म्हणणाऱ्यांत मी नाही. औटकीसाठी किती छड्या खाल्ल्या ते माझ्या हाताला आठवतं.

तक्त्यांची भूक फार जुनी. महाराष्ट्रातलं एकच उदाहरण देतो, आणि ते तू जरूर लिही. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना. अलिबागजवळच्या नागावचे. कोवळ्या वयात मुंबईला आले आणि कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीला लागले. तिथे रोजच्या रोज नोंदी घ्यायच्या. पुढे त्यांच्या ध्यानात आलं की पंचांगात लिहिलेली ग्रहांची जागा आणि आकाशात दिसणारी जागा यांचा मेळ बसत नाही. पंचांगकर्ते जुन्या कोष्टकांवरून गणित करत, आणि ती कोष्टकं शेकडो वर्षांत मागे पडली होती. मग केरूनानांनी युरोपात झालेलं नवं काम समजून घेऊन ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत सिद्ध केली. पुस्तक निघालं १८६० साली. पुढे पटवर्धनी पंचांग त्यांच्या गणिताने निघालं. हातात दौत-टाक, दुसरं काही नाही. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी, एवढीच त्यांची ओळख सांगतात. मला हा अन्याय वाटतो. टिळक शिकायला येण्याआधीच हा माणूस मोठा होता.

अशी कोष्टकं करायची तर हजारो बेरजा, आणि त्यांतली एक चुकली की पुढची सगळी रांग चुकली. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर द प्रोनी नावाच्या अभियंत्याला प्रचंड मोठे तक्ते करायचे होते. त्याने काम वाटून दिलं. वरच्या थोड्या गणितज्ञांनी सूत्रं ठरवायची, मधल्यांनी आकडे बसवून द्यायचे, आणि सगळ्यांत खाली साठ ते ऐंशी माणसांनी नुसत्या बेरजा-वजाबाक्या करायच्या. या खालच्या माणसांत बरेचसे सरदारांचे केस विंचरणारे न्हावी होते असं सांगतात. सरदारच उरले नाहीत, मग धंदा कुठला? त्यांना गणित येत नसलं तरी चालत होतं, याचं कारण तू स्वतः करून बघ. १, ४, ९, १६, २५ हे वर्ग लिही. शेजारच्या दोघांतला फरक काढ: ३, ५, ७, ९. त्या फरकांतला फरक काढ: प्रत्येक वेळी २. आता पुढचा वर्ग हवा तर गुणाकार करायचाच नाही. ९ मध्ये २ मिळव, ११. २५ मध्ये ११ मिळव, ३६. अशाने हजारापर्यंत जाशील, नुसत्या बेरजांवर.

जे काम गणित न येणाऱ्याला जमतं ते चाकांनाही जमेल, हा विचार इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने केला. यंत्राने बेरीज करणं त्याच्या आधीपासून होतं. फ्रान्सच्या पास्कालने १६४२ सालीच वडिलांच्या करवसुलीच्या हिशेबासाठी चाकांची पेटी केली होती. पण बॅबेजला तक्ता हवा होता, तोही थेट छापून, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याची चूकही नको. १८२२ मध्ये त्याने छोटा नमुना दाखवला. सरकारने पैसे दिले, एकूण सतरा हजार पौंडांवर गेले, कारागिराशी भांडण झालं, बॅबेजच्या डोक्यात तोवर याहून मोठं यंत्र आलं, आणि १८४२ मध्ये सरकारने हात वर केले. यंत्र अपुरं राहिलं. पुढे त्याच्याच नंतरच्या आराखड्यावरून लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने १९९१ मध्ये तसं यंत्र बांधलं, तेव्हा चाकं बरोबर चालली. माणसाचं गणित बरोबर होतं, स्वभाव मात्र अवघड होता.

बॅबेजच्या डोक्यात आलेलं ते मोठं यंत्र समजायला लंडनला जायची गरज नाही, सोलापूरला चल. चादर आणि टॉवेल विणणाऱ्या मागांवर, डोक्याच्या वर, जॅकार्ड बसवलेला असतो. पुठ्ठ्याची लांबट कार्डं दोऱ्याने एकमेकांना बांधून त्यांची माळ केलेली असते आणि ती एका चौकोनी लाकडी ठोकळ्यावरून पुढे सरकते. कार्डात भोकं. भोक आलं की सुई आत जाते, तिचा हूक जागेवर राहतो आणि ताण्याचा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. एक कार्ड म्हणजे बाण्याची एक आडवी ओळ. मोर हवा तर मोराची माळ चढवा, कमळ हवं तर कमळाची. माग तोच. ल्योंच्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ मध्ये हे बसवलं, आणि पद्मशाली विणकरांच्या हाताखाली ते आपल्या जिल्ह्याचं झालं. बॅबेजकडे जॅकार्डचंच रेशमात विणलेलं चित्र होतं. त्याला चोवीस हजार कार्डं लागली होती. जॅकार्डच्या मागावरून त्याला वाटलं, कार्डं बदलून मागाकडून हवी ती नक्षी काढता येते, तर कार्डं बदलून यंत्राकडून हवं ते गणित का करवून घेऊ नये? एकच यंत्र, काम काय करायचं ते बाहेरून सांगायचं. सोनू, तुझ्या हातातल्या फोनचं मूळ इथे आहे. बॅबेजला ते यंत्र काही बांधता आलं नाही.

भोकांची कार्डं पुढे अमेरिकेत हर्मन हॉलरिथने १८९० च्या जनगणनेत वापरली. भोकातून पिन खाली जायची, पाऱ्यात बुडायची, वीज वाहायची आणि तबकडीचा काटा एक घर पुढे. त्याची कंपनी इतरांबरोबर मिळून १९२४ मध्ये आयबीएम झाली. मग दुसरं महायुद्ध. तोफगोळा किती अंशात मारला तर कुठे पडेल याचे तक्ते अमेरिकी सैन्याला हवे होते. पुन्हा तक्तेच! त्यासाठी मुलींचा मोठा गट हाताच्या यंत्रांवर बसून आकडे काढायचा. एका गोळ्याचा मार्ग काढायला एकीचे दोन-तीन दिवस जायचे. त्या कामासाठी एनियाक नावाचं यंत्र बांधलं गेलं, सुमारे अठरा हजार व्हॉल्व्हचं. ते जगापुढे आलं फेब्रुवारी १९४६ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर. त्याला काम लावून देणाऱ्या पहिल्या सहा जणी त्याच आकडे काढणाऱ्या मुलींतल्या होत्या. समारंभात त्यांची नावं कोणी घेतली नाहीत. तू घे: केय मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास, रूथ लिक्टरमन.

आता आपल्याकडे ये. पुन्हा कुलाब्यालाच, जिथे केरूनाना नोंदी घेत होते. तिथे होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५४ मध्ये अमेरिकेत शिकून आलेले आर. नरसिंहन रुजू झाले आणि चार-सहा तरुणांना घेऊन संगणक बांधायला बसले. त्यांतल्या कोणीही आधी संगणक बांधलेला नव्हता. आधी १९५६ मध्ये छोटा चाचणीचा नमुना चालवला, मग पुरं यंत्र फेब्रुवारी १९६० मध्ये चालू झालं. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक नाव दिलं. सत्तावीसशे व्हॉल्व्ह, सतराशे डायोड, साडेबारा हजार रेझिस्टर. जुन्या रेडिओत चार-पाच व्हॉल्व्ह असत आणि तोही मधूनच बंद पडायचा, यावरून कल्पना कर.

टिफ्रॅकची स्मृती २०४८ शब्दांची, आणि एक शब्द ४० घरांचा. हे समजायला आपलं धरण घे. उजनीला ४१ दरवाजे आहेत. एक सोड, राहिले ४०. प्रत्येक दरवाजा एकतर उघडा, म्हणजे १, नाहीतर बंद, म्हणजे ०. अर्धा उघडा चालणार नाही. उजवीकडचा पहिला दरवाजा एकाचा, त्याच्या डावीकडचा दोनाचा, मग चाराचा, आठाचा, सोळाचा, दर वेळी दुप्पट. २२ लिहायचे तर सोळाचा, चाराचा आणि दोनाचा उघड, बाकी बंद. चाळीस दरवाजांच्या अशा किती वेगवेगळ्या मांडण्या होतील? एक लाख नऊ हजार नऊशे एक्कावन्न कोटींच्या वर. एक मांडणी म्हणजे टिफ्रॅकचा एक शब्द, आणि असे २०४८ शब्द त्याला एका वेळी लक्षात ठेवता येत. प्रत्येक घरासाठी फेराइटचं एक बारीकसं कडं, उभ्या-आडव्या तारांच्या जाळीत ओवलेलं. गुणाकार कर, एक्याऐंशी हजार नऊशे वीस कडी. तुमच्या भाषेत दहा केबी. काल तू पाठवलेल्या मांजराच्या फोटोत यापेक्षा कितीतरी जास्त आकडे आहेत.

काही जण म्हणतात, टिफ्रॅक होईपर्यंत जग ट्रान्झिस्टरकडे वळलं होतं, मग उपयोग काय? यंत्र म्हणून त्याचं आयुष्य थोडकं होतं हे खरं. १९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० हा कितीतरी मोठा संगणक आला आणि टिफ्रॅकचे दिवस भरले. तरी मी ते काम वाया गेलं म्हणणार नाही. विकत आणलेलं यंत्र बिघडलं की माणूस हात जोडून बसतो. ज्याने स्वतः तारा ओवल्या आहेत तो झाकण उघडतो. पुढे भारताला हवा तेवढा मोठा क्रे संगणक द्यायला अमेरिकेने नकार दिला, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक हे संगणक केंद्र सुरू झालं. त्याचे प्रमुख विजय भटकर, आपले अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. लहान लहान प्रोसेसर एका वेळी कामाला लावून मोठं गणित वाटून घ्यायचं ही त्याची युक्ती. द प्रोनीच्या न्हाव्यांची आठवण आली का? आणि साल बघ: लंडनला बॅबेजचं यंत्र चाललं त्याच वर्षी.

आमच्या कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला वेगळी खोली, गार हवेचं यंत्र आणि दारात चपला काढायची सक्ती. देवघरच म्हण ना. सहा महिने त्याच्यावर फक्त पगारपत्रकं निघाली, आणि फॅसिटवाले आपली नोकरी जाणार म्हणून धास्तावलेले. नोकऱ्या गेल्या नाहीत, निवृत्त झालेल्यांच्या जागा मात्र भरल्या गेल्या नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, दोन्ही लिही.

आता उजनीच्या तक्त्याचं आज काय चाललंय तेवढं सांगतो. भीमा येताना गाळ घेऊन येते. धरणाच्या पोटात गाळ बसला की पट्टी पातळी तीच दाखवते, पण पाणी तेवढं नसतं. म्हणजे पट्टी खरी, भागाकार खरा, आणि उत्तर मात्र जास्तीचं. मेसेजमध्ये टक्केवारी दशांश चिन्हापुढे दोन घरं दिलेली असते. ते बघून लोकांना वाटतं, काय नेमकी मोजणी! अगं, तो कॉम्प्युटरला भागाकार येतो याचा पुरावा आहे. पाण्याचा नाही. पाणी खरं किती हे कळायला तक्ताच पुन्हा करावा लागतो. नाशिकच्या ‘मेरी’सारख्या संशोधन संस्था हे काम उपग्रहाच्या चित्रांवरून करतात. वेगवेगळ्या पातळीला पाणी कुठवर पसरलंय ते चित्रात बघायचं, क्षेत्र काढायचं, दोन क्षेत्रांवरून मधला थर काढायचा, थर मिळवत जायचं. प्लॅनिमीटरच्या जागी उपग्रह आला, फॅसिटच्या जागी कॉम्प्युटर, रीत तीच जी आम्ही ट्रेसिंग क्लॉथवर करत होतो. म्हणून मला या यंत्राचा धाक वाटत नाही आणि त्याचा फार मोठेपणाही वाटत नाही. आमच्या हॉलमधली करकर त्याने बिनआवाजी केली, आणि आमच्या हयातीत संपली नसती इतकी ती वाढवली. पट्टी वाचायला आणि गाळ ओळखायला माणूसच लागतो.

प्रकल्पात चित्रं चिकटवण्यापेक्षा एक काम कर. मे महिन्याच्या सुट्टीत इकडे ये. आपलं शेततळं तेव्हा कोरडं असतं. टेपने दर अर्ध्या मीटर उंचीला त्याची लांबी-रुंदी मोजू, थर काढू, आणि पातळीवरून पाणी सांगणारा तक्ता तू तुझ्या हाताने कर. कॅल्क्युलेटर वापरलास तरी माझी हरकत नाही, टेप मात्र तूच धरायचीस. पाऊस पडला की तुझ्या बाबाला तो तक्ता वापरायला देऊ. येताना सोलापुरात उतरून जॅकार्डचा चालू माग बघून येऊ. आता कॉम्प्युटरवर चालणारे जॅकार्ड आलेत, पुठ्ठ्याच्या माळा कमी होत चालल्यात, म्हणून याच सुट्टीत.

आईबाबांना आशीर्वाद. अभ्यास कर, पण झोपही घे.

तुझा,
आबा

ता. क. टिफ्रॅक चालू झालं १९६० मध्ये आणि नाव मिळालं १९६२ मध्ये. दोन सालं एकात मिसळू नकोस; तुझ्या बाईंनी विचारलंच तर सांग की आधी दोन वर्षं ते बिननावाचं काम करत होतं.